पट्टीवरच्या दोन रेघा

सोलापुरात शुक्रवार पेठेत आम्ही पाच-सहा बायका मिळून शेंगाचटणी कुटतो. दाणे मैंदर्गीची एक शेतकरीण आणते, पहिल्यापासून तीच. माझ्या नातीनं कॉलेजातून कागदी पट्ट्या आणून दिल्या. दाण्याला बुरशी धरली की तिचं विष डोळ्याला दिसत नाही, जिभेला लागत नाही. ते म्हणे या पट्टीवर कळतं. ती समजावत होती आणि मी भाकरी थापत "कळलं गं, कळलं" म्हणत होते. कसलं कळतंय!

मैंदर्गीचं पोतं आलं. मूठभर दाणे कुटले, पट्टीबरोबरच्या पाण्यात कालवले, वरच्या निवळीचे थेंब सोडले. दोन रेघा उमटल्या. आता कोरोनात आपण सगळेच शिकलो की, दोन रेघा म्हणजे लागण. मी सगळ्यांसमोर तिला म्हणाले, "बाई, विष आणलंस की गं."  ती पोतं रिक्षात घालून निघून गेली.

मग बाजारातून दुसरे दाणे आणले. एकच रेघ आली. खुशीत भाजायला घेतले.

चटणी भरताना नात आली. पट्ट्या बघून तिचा चेहराच उतरला. "आजी, यात दोन रेघा म्हणजे चांगलं. विष असलं की दुसरी रेघ उमटतच नाही."

सगळी चटणी खड्डा काढून पुरली. चटणीचं इतकं लागलं नाही. लागलं ते मी बोलले त्याचं.

मैंदर्गीला गेले. पोतं ओसरीवर तसंच. सोलापूरहून परत आलेला माल म्हणून तिथंही कुणी घेतला नव्हता. चूक माझी, दाणे आत्ता नेते, म्हटलं.

"कागद लावा अक्का."

गरज नाही, म्हटलं.

"हाय की. तितं लावा, समद्या बायांम्होरं."

ती पोत्यासकट माझ्याबरोबर आली. थेंब सोडले आणि मग सुचलं. इतके दिवस पडून दाण्यांना ओल लागली असली तर? तेही माझ्याच माथी. पहिली रेघ आली. दुसरी येईना. बायका पट्टीकडं बघत होत्या, ती माझ्याकडं. मग आली, आधी पुसट, मग ठळक.

"आता त्या दिवशीगत मोठ्यानं सांगा," ती म्हणाली.

सांगितलं. पण आवाज काही त्या दिवशीएवढा निघाला नाही.

दाणे अजून तिचेच येतात. ती येत नाही, टेम्पोनं पाठवते.