खोलीची कडी

मुलं मानसोपचार अर्धवट का सोडतात, याबद्दल आमच्या घरात तज्ज्ञांची कमतरता नव्हती. सासूबाईंच्या मते मुलीला शिस्त नव्हती; नवऱ्याच्या मते समुपदेशक बाई फारच लहान होत्या. खरं कारण मी होते. ते कळायला मला चार शनिवार लागले.

मुलगी अकरावीत होती. दिवाळीनंतर तिचं कॉलेज थांबलं, मग जेवण, मग अंघोळ. मी तेव्हा हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत वीस माणसं हाकत होते. अडचण कळली की संध्याकाळच्या आत सोडवायची, ही माझी ख्याती. तेव्हा सहकारनगरातल्या एका बाईंकडे तिचं नाव घातलं.

तास संपला की मुलीला खाली स्कूटरपाशी पाठवायचं आणि बाईंना दारात गाठायचं. "काय म्हणाली?"

"ते तसं सांगता येत नाही हो."

मी हललेच नाही. मग त्यांनी सांगितलं: जेवताना मार्कांचा विषय तिला नकोसा होतो.

त्याच दिवशी मी पानावर जाहीर केलं, "आजपासून जेवताना मार्क बंद."

"मग बोलायचं काय?" सासूबाईंनी विचारलं. प्रश्न रास्त होता. मुलीने चमचा खाली ठेवला. मला वाटलं, पोट भरलं.

दुसऱ्या शनिवारी कळलं, खोलीला आतून कडी नाही, कुणीही घुसतं, हे तिला खुपतं. रविवारी सकाळी आठला सुतार हजर.

"कडीचं तुला कुणी सांगितलं?" मुलगी अंथरुणातूनच म्हणाली.

"ऊठ आधी. तो खोळंबलाय."

तिसऱ्या शनिवारी ती तासभर गप्प बसली. बाईंकडे सांगण्यासारखं काहीच नाही, याचा मला राग आला. चौथ्या शनिवारी तिने चपलाच घातल्या नाहीत.

"तुला सगळं कळतंच की, आई. तूच जाऊन ये."

मी गेले. ठरलेली वेळ वाया घालवणं मला जमत नाही. बाईंना फैलावर घेतलं, "तिचं बोलणं तुम्ही मला सांगायलाच नको होतं!"

"तुम्ही दार अडवून उभ्या राहायचात," त्या म्हणाल्या. "मला तुमची भीती वाटायची."

घरी आले तर नवी कडी आतून लावलेली. पुढचे काही महिने ती बहुतेक तशीच होती. सुताराचं काम चोख.

उन्हाळ्यात एकदा मुलगी दार उघडून म्हणाली, "शनिवारी पाच ते सहा मी नसेन. दुसऱ्या बाई शोधल्यात. कोण, कुठे, विचारायचं नाही."

'कुठे' माझ्या दातांपर्यंत आलं होतं. "गाडीत पेट्रोल आहे," मी म्हणाले.

पुढे एका शनिवारी पाचच्या सुमारास सिग्नलला माझी रिक्षा तिच्या गाडीशेजारी थांबली. पुण्यातल्या यच्चयावत मुलींसारखा डोळ्यांपर्यंत स्कार्फ. पण गाडी आमची होती. तिने मला पाहिलं. मी लाल दिव्याचे उतरते आकडे वाचत बसले. सिग्नल सुटला, ती डावीकडे वळली.

"सरळ घ्या," मी रिक्षावाल्याला म्हणाले. घर डावीकडे होतं.