तिनं कधी नुसते ओठ हलवले नाहीत

माझी धाकटी बहीण जाऊन दोन वर्षं झाली. तरी पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर उतरले, की एखाद्या ऑटोत तिचं गाणं लागलेलं असतंच. मागे बसलेली बाई तिची सख्खी बहीण आहे, हे ऑटोवाल्याला ठाऊक नसतं. मीही सांगत नाही. खिडकीकडे तोंड करून ऐकत बसते.

आम्ही लोधीखेड्याच्या. आई संत्र्यांच्या पेट्या भरायला जायची, सुटीच्या दिवशी आम्हीही तिच्यासोबत. मी फळं निवडायचे. ती पेटीत तणस अंथरायची आणि गात असायची. कॉलेजात असताना तिनं पेट्या भरणाऱ्या बायांवर स्वतः एक गाणं रचलं आणि मावशीच्या घरच्या लग्नात म्हटलं. कोणीतरी ते मोबाइलवर घेतलं. त्यावरून नागपूरच्या एका स्टुडिओवाल्यानं तिला शोधून काढलं.

पुढचं सगळं फार भराभर झालं. वरातीत, बँडवर, लोकांच्या मोबाइलमध्ये, जिकडेतिकडे तेच गाणं. त्यात ‘मी येऊन राहिली’ असे आमच्याच बोलीतले शब्द होते. या ‘येऊन राहिली’पायी शाळेत आम्हाला मराठीच्या बाईंनी वर्गासमोर उभं केलं होतं. तेच शब्द नागपूरच्या मुली नाचत म्हणताना पाहिल्या, तेव्हा मला वाटलं, हिनं आमच्या सगळ्यांच्या वतीनं उत्तर दिलं.

पण ती आमच्या एकट्यांची राहिली नाही. आई गेली त्या दिवशी अंगणात माणसं मावत नव्हती. त्यातली निम्मी आईला ओळखतही नव्हती. धाकटी आईच्या पायाशी बसलेली, आणि एकजण मोबाइल पुढे करून म्हणाला, “ताई, एक फोटो.” मी उठलेच होते. तिनं माझा हात धरला. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्याला म्हणाली, “भाऊ, आज मी गाणारी नाही. आज मी हिची पोरगी आहो.” तो माणूस खाली बघत मागे सरला. त्यानंतर दिवसभर कोणी मोबाइल काढला नाही.

पुढे तिला किडनीचा आजार झाला. उपचार नागपूरला चालू होते, पण मधल्या दिवसांत ती सौंसरला माझ्याकडे येऊन राहायची. एकदा म्हणाली, “ताई, मले बाजारात जाऊन भाजी घ्यायची आहे. स्वतः. भाव करून.”

स्कूटीवरच्या मुली उन्हासाठी बांधतात, तसा तिनं तोंडाला दुपट्टा बांधला आणि आम्ही आठवडी बाजारात गेलो. तिनं वांगी दाबून पाहिली, आंबाडीची जुडी उलटीपालटी केली. कोणी वळून पाहिलं नाही. दुपट्ट्याच्या आत ती हसत होती, ते मला डोळ्यांवरून कळत होतं. शेवटी एका म्हाताऱ्या भाजीवालीशी ती मिरच्यांसाठी घासाघीस करायला लागली. म्हातारी बोलता बोलता थांबली. आवाज ओळखला होता तिनं. मला वाटलं, आता गर्दी होणार. म्हातारीनं मूठभर मिरच्या जास्त टाकल्या आणि हळूच म्हणाली, “फिर माय, निवांत फिर. मी नाही सांगत कोणाले.” घरी आल्यावर त्या मिरच्यांचा ठेचा तिनं स्वतः कुटला. तिला तिखट मना होतं. मला वाढून ती समोर बसली.

तिचा शेवटचा कार्यक्रम पांढुर्ण्याला झाला. अंगात ताप होता. आयोजक म्हणाले, “रेकॉर्डिंग लावून देऊ. तुम्ही फक्त ओठ हलवा, कोणाले समजत नाही.”

“मले समजते ना,” ती म्हणाली. “लोकं ट्रॅक्टर भरून आले आहेत. त्यांच्यापुढे मी खोटं तोंड हलवू?”

तिनं हार्मोनियमवाल्याला पट्टी उतरवायला लावली आणि खुर्चीवर बसून गायली. वरच्या ओळीला आवाज पोचेना, तेव्हा तिनं माइक लोकांकडे वळवला आणि स्पष्ट सांगितलं, “इथं आज माझा आवाज जात नाही. तुम्ही म्हणा.” सगळं मैदान ती ओळ गायलं. पहिल्या रांगेत बसून मीही गायले. मला गाता येत नाही, पण त्या दिवशी ते कोणाला कळलं नसेल.

ती गेल्यावर नागपूरहून एक पत्रकार सौंसरला आला. चांगला मुलगा होता. त्यानं विचारलं, “प्रसिद्धीनंच त्यांचा जीव घेतला, असं लिहू का?”

मी म्हटलं, “आजारानं घेतला. प्रसिद्धीचा तिला त्रास झाला, तो लिहा. पण ती बिचारी होती असं लिहू नका. लोधीखेड्याच्या पोरीनं आपली बोली आणि आपली गाणी अख्ख्या मुलखाला म्हणायला लावली. आणि जिथं उभी राहिली, तिथं खरं गायली.”

त्यानं हॉस्पिटलमधला एखादा फोटो मागितला. माझ्याकडे होते, पण मी दिले नाहीत. पांढुर्ण्याचा, खुर्चीवर बसून गातानाचा दिला. तोच छापून आला.