मेसेज नाही म्हणजे काम नाही

बायकोला मी सगळं सांगतो, असा तिचा समज आहे. हे तिला सांगितलेलं नाही. भावाला नाही, दोस्तांना नाही, योगेश्वरीच्या देवळात हात जोडून उभा राहतो तेव्हा देवीलाही नाही. तिथं मी पोरांच्या परीक्षांचं घाईघाईनं मागून घेतो आणि बाहेर पडतो. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखत असता तर कदाचित तुमच्याशीही खोटंच बोललो असतो.

अंबाजोगाईत माझं ऑफिस आहे. ऑफिस कसलं, वडिलांच्या भुसार दुकानाची मागची खोली. तिथं बसून मी सरकारी टेंडरांच्या बातम्या पुरवतो. कुठल्या खात्याला रस्ता करून हवाय, कुठं पाण्याचे टँकर हवेत, कुठं चादरी हव्यात, हे सरकारच्या साइटवर येतं. माझं सॉफ्टवेअर ते उचलतं आणि ज्याचं जे काम, त्याला तेवढ्याचाच मेसेज पाठवतं. सॉफ्टवेअर मी स्वतः लिहिलंय आणि त्याचा मला गर्व होता. होता म्हणजे — आहे. उगाच साधूचा आव कशाला आणू?

नवं गिऱ्हाईक आलं की मी त्याला एक वाक्य ऐकवायचो. रोज साइट उघडून डोळे फोडू नका. मेसेज आला तर काम आहे, मेसेज नाही म्हणजे काम नाही. मोठ्या ऐटीत सांगायचो. घाटनांदूरच्या पार्वतीकाकूंच्या बचत गटानं तर ते वाक्य गाठीशी बांधून ठेवलं होतं. वसतिगृहांच्या चादरी, उशांचे अभ्रे, पडदे शिवणाऱ्या बायका त्या. काकू गटाच्या अध्यक्ष, आमच्या दुकानाच्या जुन्या गिऱ्हाईक, म्हणून मला अजून मल्लूच म्हणतात. गटाचा फोन मात्र त्यांच्या सुनेकडे, रेणुकाकडे असायचा. ती रोज सकाळी चहाच्या आधी मेसेज बघायची. आला की गटात सांगायची, आणि मग टेंडरचे कागद भरायला माझ्याकडे यायची, बीडला ऑफिसात जायची. बारावी झाल्यावर लगेच लग्न झालेली पोरगी. पिशवीत फाइल घालून एकटी एसटीनं बीडला जायची, तेव्हा तिची चालच वेगळी असायची. काकू चारचौघांत म्हणायच्या, आमची सून म्हणजे आमचं दफ्तर.

आता मुद्द्यावर येतो. येतो — थांबा.

सरकारनं जुनी साइट बाजूला ठेवली आणि टेंडरं नव्या पोर्टलवर यायला लागली. जुनी साइट बंद झाली नाही, हीच तर गोम. ती उघडायची, दिसायची, फक्त तिच्यावर नवीन काही येत नव्हतं. मला माझी सगळी गिऱ्हाइकं नव्या ठिकाणी हलवायची होती. ते एका बटणाचं काम नव्हतं. नव्या पोर्टलवर कामांची वर्गवारीच वेगळी होती, त्यामुळं प्रत्येकाचं काम नव्यानं निवडून द्यावं लागायचं. किचकट होतं, पण अवघड नव्हतं. पहिल्यांदा कुणाला हलवलं असेल मी? रस्तेवाल्यांना, इमारतवाल्यांना. ते खुर्चीत येऊन बसतात, पान थुंकतात, “काय बे मल्ल्या, झोपला काय” म्हणतात. जो ओरडतो त्याचं आधी. घाटनांदूरचा गट ओरडत नव्हता. आज करू, उद्या करू. मला पक्कं ठाऊक होतं की त्या बायका मेसेज नाही म्हणजे काम नाही असं समजून गप्प बसतील. मीच शिकवलं होतं ना? त्यांचं गप्प बसणं मला सोयीचं वाटलं. हे लिहितानाही कानाच्या पाळ्या तापतायत.

तेवढ्यात वसतिगृहांच्या चादरींचं टेंडर नव्या पोर्टलवर आलं आणि मुदत संपून बंदही झालं. दरवर्षी त्या गटाला मिळणारं काम भलत्याच कुणाला मिळालं. काकूंना ते कळलं बीडच्या ऑफिसात, दुसऱ्याच कामाला गेल्या असताना. तिथल्या बाबूनं सहज विचारलं, यंदा तुम्ही भरलं कसं नाही? काकू घरी गेल्या, सुनेला सोबत घेतलं आणि तडक माझ्याकडे आल्या.

खोलीत तेव्हा दोन ठेकेदार बसले होते. सॉफ्टवेअर किती भारी आहे, याचं पुराण मी त्यांना नुकतंच सांगून संपवलं होतं. काकू दारातच उभ्या राहिल्या.

“मल्लू, चादरीचा मेसेज कावून न्हाई आला रे?”

आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होत्या. तेव्हा एवढंच म्हणायचं होतं — काकू, चुकलं, तुम्हाला नव्या पोर्टलवर घ्यायचं राहून गेलं. एका दमात बोलून झालं असतं. ठेकेदारांनी माझ्याकडे बघितलं. आणि माझ्या तोंडून काय निघावं?

“मेसेज गेलाय, काकू. तुमच्याकडं कुणी बघितला नसंल.”

कुणी! त्या घरात मेसेज बघणारं माणूस एकच होतं आणि ते काकूंच्या मागं उभं होतं. हे मला ठाऊक नव्हतं? होतं. बोलण्याच्या आधीच ठाऊक होतं.

रेणुका पुढं आली. “दादा, मी रोज बघते. आला न्हाई. तुमच्यात एकदा बघता का?”

मी माउस हलवला. स्क्रीन माझ्याकडे वळलेली होती. गट जुन्या साइटलाच जोडलेला समोर दिसत होता. मी नीट पाहिलं — पाहिल्यासारखं केलं नाही, खरंच पाहिलं — आणि म्हणालो, “हो, गेलेला दिसतोय.”

काकूंनी मला शपथ घालायला नाही लावली. पुन्हा विचारलंसुद्धा नाही. बापाच्या दुकानात कधी वजनात मारलं गेलं नव्हतं, त्या भरवशावर त्यांनी पोराचाही शब्द धरला. सुनेकडे वळल्या, म्हणाल्या, “आण इकडं फोन.” फोन घेतला, कमरेच्या पिशवीत टाकला आणि पिशवीची नाडी ओढली. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. रेणुका तशीच उभी होती, फोन देऊन रिकामा झालेला हात पुढंच राहिलेला.

त्या गेल्या आणि ठेकेदार उठायच्या आत मी गटाला नव्या पोर्टलवर टाकलं. चहा गार व्हायच्या आत झालं काम. इतकंच होतं ते. पुढचं मात्र मला तेव्हा सुचलं नव्हतं. त्यानंतर मेसेज व्यवस्थित जायला लागले आणि फोन होता काकूंच्या थोरल्या लेकाकडे. काकूंनी मुद्दाम फोन करून सांगितलं की आता बराबर येतंय, सुनेच्या हातात होतं तवाच घोळ होत होता. माझं खोटं माझ्याच सॉफ्टवेअरनं रोज सकाळी खरं करून दाखवलं. मी फोनवर “हं” म्हणालो. काकू त्या “हं”वर खूश झाल्या.

कागद भरायला आता थोरला लेक येतो. बीडलाही तोच जातो. रेणुका इतर बायकांसारखी मशीनवर बसते, असं त्याच्याकडूनच कळलं. त्या हंगामात काही मशीनी झाकूनच राहिल्या आणि गटातल्या बायका तिच्याशी धड बोलत नव्हत्या, हेही त्यानंच सांगितलं. मी ऐकून घेतलं. त्याला चहा पाजला.

परवा ती भेटली. सासूची औषधं घ्यायला आली होती, मेडिकलसमोर उभी होती. मी गाडी वळवून निसटणार होतो, तेवढ्यात तिनं हाक मारली. मला वाटलं, कळलं हिला. खरं सांगतो, भीती वाटली, आणि त्या भीतीच्या खाली कुठंतरी बरंही वाटलं. आता ती बोलेल, आता सुटेन.

ती म्हणाली, “दादा, त्या टायमाला तुमच्यासमोर मी न्हाई न्हाई म्हणत बसले. मागनं लई इचार केला. माझ्याच्यानंच बघायचा राहिला असंल. तुमाला उगं खोटं पाडलं मी.”

रस्त्यात रिक्षावाले ओरडत होते, तिच्या हातात औषधांची पुडी होती. सांगायला याच्याहून चांगली जागा कुठली मिळणार होती? मी म्हणालो, “जाऊ द्या हो. होतं असं कधीमधी. मनाला लावून घेऊ नका.”

तिचा चेहरा एकदम हलका झाला. बरेच दिवस हे मनात होतं, म्हणाली, आता बरं वाटलं. पदर सारखा करून ती स्टँडकडे निघून गेली.

मी तिला माफ केलं होतं.