दिवाकरनं ओढलेला नळ

माझी सून संहिता हिची दोन बाळं पोटातच गेली. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिचं रक्त मुंबईला तपासायला पाठवलं. रक्तात शिसं निघालं. मल्हारगंजातलं आमचं घर होळकरांच्या राज्यातलं, नळही तेव्हाचाच, शिशाचा. आमच्याकडची रीत अशी, की पहाटेचं पहिलं पाणी कोणी शिवायच्या आत भरायचं. एक तांब्या देवाला, एक पोटुशीला. रात्रभर शिशात मुरलेलं नेमकं तेच पाणी! देव पितळेचे, त्यांना काय होणार?

नळ शेजारच्या बाबूरावांच्या स्वयंपाकघराखालून यायचा; बदलायचा तर ते खणावं लागणार होतं. बाबूराव म्हणाले, "फर्शीला हात लावाल तर याद राखा." मी त्यांच्याशी चांगली भांडले. ते काही बधले नाहीत.

मग दिवाकर आला. मिलच्या बॉयलरखात्यात फिटर होता. मिल बंद पडून दोन वर्षं झाली होती, तेव्हापासून समोरच्या ओट्यावर विड्या ओढत बसलेला असायचा.

"काकू, खणायचंच नाय. जुना नळ गल्लीतून ओढून काढू, त्याच्या पाठीला नवा बांधू. मिलमध्ये केलंय."

"आणि शिसं मधेच तुटलं तर?"

"तो फिर खेळ खतम."

हा धीर द्यायला आलाय की घाबरवायला, मला कळेना. पण दुसरा उपाय नव्हता.

जुन्या नळातून त्यानं तारेचा दोर घातला, आमच्या अंगणात त्याला नळाच्या तोंडाहून जाड लोखंडी गुल्ली अडकवली आणि तिच्यामागे नवा पाइप बांधला. दोराचं दुसरं टोक गल्लीत. ते धरायला त्याचे मिलमधले सोबती आले, सगळे घरी बसलेले.

"झटका नाय मारायचा, भिया. माझ्या आवाजावर. हं!"

नळ वीतभर सरकला. पुन्हा "हं!", पुन्हा वीतभर. इतकी माणसं, पण श्वास एक. बंद पडलेली मिल आमच्या गल्लीत चालू झाली होती.

मधेच नळ अडला. संहिता दारात पोटावर हात ठेवून उभी होती.

"सोडू नका, ओढू पण नका," दिवाकर म्हणाला. त्यानं अंगणाकडून नळाच्या भोवती पाणी सोडायला लावलं आणि माती भिजेपर्यंत नळावर तळहात ठेवून बसून राहिला. तोवर दोर धरलेला एकही हात ढिला पडला नाही. मी मनातल्या मनात त्या हातांना नमस्कार केला. मग तो हळूच म्हणाला, "हं."

अख्खा नळ, काळा आणि चिखलानं माखलेला, गल्लीत आला. त्याच्यामागून नव्या पाइपाचं तोंड दिसलं तेव्हा बाबूरावसुद्धा टाळ्या वाजवत होते.

मार्गशीर्षात संहिताला मुलगी झाली. बारशाला मी तिला सगळ्यांत आधी दिवाकरच्या मांडीवर दिलं. तिनं असं भोकाड पसरलं, की मी घ्यायला धावले.

"रडू द्या, काकू. क्या आवाज है! अपने मिल का भोंगा!"

पंगतीला बसलेले मिलवाले हसले, आणि हसता हसता गप्प झाले. मुलगी मात्र गप्प होईना.