लसणाचा वास

"काका, थुंका ते!" असं ओरडून तिने माझ्या नवऱ्याच्या पुढचं ताट ओढून घेतलं. अर्धं थालीपीठ त्यांच्या पोटात गेलं होतं.

ही बाई इथे जर्मनीत, आमच्या कार्ल्सरूहेत पुस्तकांचं दुकान चालवते. मूळची साताऱ्याची, नवरा जर्मन. झाडाझुडपांवर नवं पुस्तक आलं की आधी विषारी पानांचं प्रकरण उघडते. ते कच्चं निघालं तर पुस्तक कितीही देखणं असो, मागच्या फळीवर जातं. गिऱ्हाइकाला तोंडावर सांगते, "आल्झो, म्हणजे असं बघा, हे चित्रं बघायला घ्या, रानात नेऊ नका." असं बोलून धंदा होतो का? पण तिचा होतो.

त्या दुपारी ती नवं पुस्तक दाखवायला आली आणि ओट्यावरची रानलसणाची पानं बघून ओरडली. मीच ती जंगलातून खुडून आणून थालीपिठात घातली होती. तशीच दिसणारी विषारी पानंही तिथे उगवतात.

मी ठणकावलं, "तूच सांगितलंस ना, चुरगळून वास घ्या म्हणून? प्रत्येक पान हुंगलंय. लसणाचाच वास होता."

तिने माझा हात नाकाशी नेला. "काकू, सकाळी चटणी कुटलीत?"

"रोजच कुटते."

"गेनाऊ, तेच तर. वास तुमच्या बोटांचा होता."

तिने रुग्णवाहिका बोलावली, डॉक्टरांना दाखवायला पानं पिशवीत भरली. त्यांत विषारी निघालीच.

आता पुस्तक विकताना त्या प्रकरणात ती पेन्सिलीने लिहिते, आधी हात हुंगा. मी तिला आगाऊच म्हणते.

थालीपीठ फक्त यांनी खाल्लं होतं. हे जगले.