भरिताचा धूर

आमच्या जीवराम नानांना वांगी भाजायला बसवलं की मग त्यांना घरदार आठवत नाही. मुक्ताईनगर ते भुसावळ, कुठल्याही वावरात भरिताची पार्टी असो, बोलावणं पहिलं नानांना. कपाशीच्या वाळक्या काड्या, म्हणजे आमची पऱ्हाटी, तीही कोणत्या वावरातली, किती वाळलेली, हे नाना हातात घेऊन ठरवतात. गॅसवर वांगं भाजणाऱ्या माणसाशी ते सोयरीकसुद्धा करणार नाहीत. मी त्यांच्या शेजारच्या वावराची सून, त्यामुळे त्यांच्या हातचं भरीत मी लग्नापासून खात आलेय आणि त्यांचे टोमणेही.

तर अशा माणसाच्या घरातूनच पऱ्हाटी न जाळण्याची चळवळ निघाली. काढली त्यांच्या बायकोनं, पुष्पाअक्कांनी.

कापूस संपला की वावरात काड्या उभ्या राहतात. त्या उपटायच्या बायकांनी. वाळलेलं बोंड नखात शिरतं, साल तळहात कापते, आणि आठ-आठ दिवस भाकरी थापताना डोळ्यांत पाणी येतं. उपटून झालं की पुरुष येतात आणि ढिगाला काडी लावून मोकळे होतात. मग सरकारी योजना आली. धूर सोडणाऱ्या कारखान्यांना आता त्या धुराची किंमत मोजावी लागते, आणि त्या पैशातून, पऱ्हाटी न जाळता बारीक करून मातीत गाडणाऱ्या शेतकऱ्यांच्या गटाला सरकार उभ्या काड्यांची कुट्टी करणारं मशीन देतं, असं अक्कांनी जामनेरच्या मेळाव्यात ऐकलं. धूर-कारखाना राहू द्या बाजूला, अक्कांच्या कानात एकच गोष्ट शिरली: काडी हातानं उपटायची नाही.

गावाचा गट उभा करायला त्या घरोघर फिरल्या. नाना सुरुवातीला खो-खो हसले. धूर न करण्याचं बक्षीस मिळत असेल तर आपण जन्मात बिडी ओढली नाही, त्याचंही काही बघा, असं म्हणाले. पण अक्कांनी एकदा डोळे वटारल्यावर पहिलं वावर त्यांनीच दिलं. बांधावर पाटी लागली, 'या शेतात आग लावली जात नाही'. पाटीसाठी खड्डा नानांनी खणला.

मार्गशीर्षात तपासणी ठरली. जळगावहून योजनेच्या अधिकारी चारुलता मॅडम येणार, वावरं बघणार, आणि त्यांनी होकार दिला तरच मशीन. अक्कांना आदल्या दिवसापासून जेवण जात नव्हतं. त्यांनी नानांवर एकच काम सोपवलं, पाहुणीच्या पाहुणचाराचं.

आता हिवाळ्यात आमच्याकडे पाहुणा येतो आणि भरीत न खाता जातो, हे नानांच्या हयातीत घडलेलं नाही. आम्ही सगळ्या मॅडमना घेऊन बांधाबांधानं नानांच्या वावराशी पोचलो, तर पाटीच्या बरोब्बर मागे पऱ्हाटी धडधडत होती, वर हिरवीगार वांगी तडतडत होती, आणि नाना घामाघूम होऊन प्रसन्न हसत होते. बिचाऱ्यांच्या लेखी पऱ्हाटी जाळणं वेगळं आणि भरीत भाजणं वेगळं. एक वावर साफ करण्याचं काम, दुसरा स्वयंपाक.

अक्का मटकन खाली बसल्या. मला नानांचा असा राग आला की वांग्यांसकट त्यांना पालथं घालावं.

गटाचे रोहिदासभाऊ पुढे सरसावले आणि शेजारच्या गावाकडून ठिणगी उडून आली असणार, असं ठोकून दिलं. मॅडमनी शांतपणे विचारलं की ठिणगीनं येताना वांगीही आणली का. कोणी हसायलाही धजेना. तेवढ्यात नानांना अक्कांचा चेहरा दिसला, आणि काय झालं ते त्यांच्या डोक्यात शिरलं. हातातला चिमटा ठेवून ते मॅडमसमोर आले.

"ठिणगी-बिणगी काही नाही. माह्या वावरात मीच पेटोली. माह्य वावर काढून टाका, पन या बायायचं मशीन नका काढू."

मॅडमनी यादीतलं नानांचं नाव खोडलं. मग म्हणाल्या की लपवलं असतं तर अख्खा गट बाद केला असता. आता फक्त हे एक वावर जाईल, बाकीच्यांना मशीन मिळेल. बायकांनी अक्कांना उचलून उभं केलं. काम संपल्यावर मॅडम केळीच्या पानावर भरीत-भाकरी जेवल्या, दोनदा वाढून घेतलं.

पौषात मशीन आलं. अक्कांच्या हातून नारळ फुटला, आणि उभ्या काड्यांचा भुगा होऊन मातीत पडताना बघून बायका अक्षरशः नाचल्या. मीही नाचले. फक्त योजनेबाहेरच्या वावरात पहिलं वर्ष मशीन जाणार नव्हतं, आणि तसं वावर गावात एकच होतं. अक्कांनी मुकाट्यानं पदर खोचला. आम्हीही निघालो. नानांनी आम्हा सगळ्यांना बांधावरच अडवलं आणि एकटे काड्या उपटायला बसले. आयुष्यात त्यांनी पऱ्हाटी पेटवली होती, उपटली कधीच नव्हती. रोज संध्याकाळी घरी जाताना ते हात पाठीमागे धरून चालायचे.

वावर मोकळं झालं तेव्हा गावात पऱ्हाटी उरली होती ती त्यांच्याचकडे. मग भरिताची पार्टी दुसरीकडे कुठे होणार? अख्खं गाव जमलं. नानांनीच भाजलं, लाकडाच्या खोलगट बडगीत ठेचायला मात्र रोहिदासभाऊंना बसवलं. पंगत बसली, नानांनी घास घेतला आणि हात झटकला. हिरव्या मिरचीचं भरीत, आणि तळहात तर सोलून निघालेले. दुसऱ्यांदा बोट लावायची त्यांची हिंमत होईना.

अक्का वाढता वाढता थांबल्या, त्यांच्यासमोर बसल्या आणि सगळ्यांच्या देखत त्यांना घास भरवला. बायकांनी नाव घ्या, नाव घ्या म्हणून गिल्ला केला. सत्तरीचे नाना लाजून लाल झाले, पण तोंड उघडं ठेवून पुढच्या घासाची वाट बघत होते. तो खाऊन ते हळूच म्हणाले, "इतकं दुखते, तं इतकी वर्षं सांगतलं काऊन नाही?"

"सांगतलं न," अक्का म्हणाल्या, "दरवर्षी सांगतलं."

 नानांनी अक्कांचा भरवणारा हात आपल्या दुखऱ्या हातात धरला, उलटा करून तळवा बघितला, आणि पंगत उठेपर्यंत सोडला नाही.