पेट्यांच्या मागची छोटी गिटार

आमच्या दुकानात धूळ आणि किस्से सारख्याच वेगाने साचतात. धूळ मी रोज सकाळी पुसते. किस्से पुसता येत नाहीत, म्हणून लिहून ठेवते. शिक्षण सातवीपर्यंत झालंय, तेव्हा कुठे चुकलं तर सांभाळून घ्या.

मी गिटारी विकायची सुरुवात कधी झाली ते मला मिनिटासकट आठवतं. सोमवार होता, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. आमचे गुजराती शेठ "बेन, पाच मिनिटात आलो" म्हणून चहाला गेले आणि पहिल्यांदाच दुकानात मी एकटी उरले. दुकान डहाणू रोड स्टेशनच्या बाजूच्या गल्लीत. ढोलक्या, पेट्या, बेंजो आणि भिंतीवर टांगलेल्या गिटारी. महाग एकही नाही. मी तेव्हा फक्त झाडलोटीला होते.

तेवढ्यात एक साहेब आले. रेल्वेत नोकरी, राहायला क्वार्टरमध्ये.

"ताई, सगळ्यात मोठ्या आवाजाची गिटार दाखवा. बजेट कमी आहे, पण आवाज कमी नको!"

मी सगळ्यात मोठ्या पोटाची काढून दिली. साहेब खूश, शेठ खूश, मी तर काय विचारूच नका.

चौथ्या दिवशी साहेब गिटारीसकट परत हजर.

"आवाज फार मोठा आहे हो हिचा."

"साहेब, तुम्हीच मागितला होता ना?"

"मी मागितला होता. शेजाऱ्यांनी कुठे मागितला होता!"

शेठनी मधल्या आकाराची बदलून दिली आणि त्याच दिवशी मला शिकवायला घेतलं. "बेन, गिऱ्हाईक बोलेल ते ऐकायचं, पण द्यायचं त्याचा हात बघून. बोटं बघ, खांदा बघ, आणि विचार, कुठे बसून वाजवणार?" दणकून वाजवत गाणाऱ्याला मोठ्या पोटाची. एकट्याने बसून बोटांनी छेडणाऱ्याला लहान पोटाची. बोटं नाजूक असतील तर नायलॉनच्या तारांची. आणि गिटार स्वस्त असली की तार किती उंच आहे ते आधी तपासायचं. दांडीवरच्या बाराव्या पट्टीवर तारेखाली रुपयाची दोन नाणी एकावर एक सरकवायची. तिसरंही आरामात सरकलं, तर ती तार दाबता दाबता माणूस शिकायचं सोडून देतो.

सातवीनंतरची ही माझी आठवी म्हणा!

*

तलासरीकडून एक शाळेच्या बाई आल्या. मुलांना कविता शिकवताना वाजवायची होती. बाई उंचीने माझ्याएवढ्याच, म्हणजे कमीच. पण नजर गेली भिंतीवरच्या मोठ्या काळ्या गिटारीवर.

मी म्हटलं, "बाई, तुमच्या खांद्याला जड जाईल."

"घेऊन तर बघू!"

घेतली. उजवा हात वरून तारांपर्यंत पोचेना, हनुवटी गिटारीच्या काठावर टेकली. बाईंनी समोरच्या आरशात बघितलं.

मग म्हणाल्या, "असू दे. वर्गातल्या मुलांना बाई दिसल्या पाहिजेत. नुसता भांग दिसून उपयोग नाही!"

त्यांना लहान पोटाची दिली. जाताना त्यांनी माझ्या पोरीला विचारलं, "काय गं, नाव काय तुझं?" पोरगी काउंटरखाली गेली.

*

आता पोरीचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आर्या माझी मुलगी. वय सात. घरात तोंड बंद होत नाही आणि घराबाहेर उघडत नाही. शाळेत हजेरीला नुसता हात वर करते. डॉक्टर म्हणाले, थांबा, बोलेल. थांबा म्हणणं सोपं असतं. शाळा सुटली की ती दुकानात येते, आणि मी दर दहा मिनिटांनी तिच्या कपाळाला हात लावते. ताप नसतो. तरी लावते. गिटारीच्या तारांची वरची टोकं टोचू नयेत म्हणून मी दुकानातल्या सगळ्या गिटारींची टोकं वाकवून ठेवलीत. शेठ म्हणतात, "बेन, एवढी काळजी तर कारखानावाला पण नाय करत!"

दुकानात एक छोटी गिटार आहे. म्हणजे होती. नेहमीच्या पाऊण आकाराची, नायलॉनच्या तारांची, गाडीतून उतरवताना एका कडेला पोचा पडलेली. पोच्यामुळे स्वस्त. गिऱ्हाईक नसलं की आर्या ती मांडीवर घेऊन एकच तार छेडायची आणि गुणगुणायची. घराबाहेर तिचा आवाज मी तेवढाच ऐकलेला.

दिवाळीला ती गिटार आपण घ्यायची असं मी ठरवलं आणि पेट्यांच्या मागे सरकवून ठेवली. शेठच्या ते लक्षात आलं. म्हणाले, "ठेव. पण कोणी मागितली तर मी नाय बोलणार नाय. दुकान आहे हे!"

तेव्हापासून दुकानाच्या पायरीवर पाऊल वाजलं की माझी नजर आधी पेट्यांकडे जायची.

*

गंजाडचे दोघे भाऊ आले. लग्नात बटणांचा बेंजो वाजवणारे. मोठा म्हणाला, "आता गिटार पण पाहिजे, जमाना बदलला." मी एक काढून हातात दिली. त्याने उलटीपालटी केली, दांडीवर बोट फिरवलं.

"ताई, बटणं कुठायत?"

"काका, हिला बटणं नसतात. तारच दाबायची."

"सगळं आपणच करायचं?"

"हो."

भावाकडे वळून म्हणाला, "बघ! बटणं पण नाहीत, आणि भाव बेंजोएवढाच!"

*

नरपडचा बाळू बोटीवर जातो. जाळी ओढून बोटं घट्ट झालेली, पण हळव्या गाण्यांचा शौक, म्हणून त्याला नायलॉनच्या तारांची गिटार दिली होती. महिनाभरात त्याला आवाज कमी वाटायला लागला. विचारायचं कोणाला? तर कोणालाच नाही! स्वतःच स्टीलच्या तारा आणून चढवल्या. नायलॉनवाली गिटार तो ताण सोसत नाही. भाच्याच्या हळदीत, सगळे नाचताहेत, आणि तारा बांधायची खालची पट्टी उखडून उडाली.

"कुठे गेली पट्टी?" शेठनी विचारलं.

"सुकटीच्या चटणीत. वाढप्याने धुऊन परत दिली."

शेठ म्हणाले, आता हिचं काही होणार नाही, दुसरी बघ. बाळू म्हणाला, "बोट फुटली तर आम्ही दुसरी बघतो काय?"

पंधरा दिवसांनी गिटार घेऊन आला. बोटीच्या भेगा बुजवतात त्या केमिकलने पट्टी चिकटवलेली. खालच्या तीन बारीक तारांच्या जागी काहीतरी पांढरं चकचकीत. शेठनी छेडली, पुन्हा छेडली, कान लावला.

"सरस वाजते रे! कुठल्या कंपनीची तार?"

"तंगूस आहे, शेठ. पापलेटच्या जाळ्याचा."

त्या दिवशी शेठनी दोन चहा मागवले. नाहीतर ते एकटेच पितात.

*

सरावलीकडून वाडीवाल्या शेठची कॉलेजातली मुलगी आली. तिला मोबाइलच्या कव्हरला मॅच होणारी गिटार हवी होती. आमच्या शेठची एक पद्धत आहे. रंग बघणाऱ्या गिऱ्हाइकाला पाठमोरं बसवायचं, डोळे मिटायला सांगायचे आणि एकेक गिटार हातात द्यायची.

तीन झाल्या. शेठ म्हणाले, "बेन, पेट्यांच्या मागची पण दे."

मी हळूहळू चालत गेले. जितकं हळू जाता येतं तितकं.

मुलीने डोळे मिटूनच तार छेडली आणि म्हणाली, "हीच! हिचा आवाज गोड आहे. हात पण पुरतो. पॅक करा!"

आर्या काउंटरखालून बघत होती. माझा हात आपोआप तिच्या कपाळावर गेला.

मुलीने डोळे उघडले. "ई! हिला तर पोचा आहे!"

निळी घेऊन गेली. मी त्या पोच्यावरून फडकं फिरवलं, जरा जास्तच वेळ.

*

आणि हा परवाचा किस्सा.

दुपारी जमनाआजी आली. बाळूची आई. आयुष्यभर डहाणूच्या बाजारात मासळी विकली. हल्ली उजवा खांदा वर होत नाही म्हणून टोपली सुनेकडे दिलीय. पायरीवर बसली आणि म्हणाली, "मला गिटार दाखव गो."

"बाळूसाठी दुसरी?"

"त्याला कशाला? मला! तो बोटीवर गेला की घर खायला येतं. त्याचीला हात लावला तर वराडतो."

शेठ गल्ल्यावर चहा पीत होते. मी आजीचा हात बघितला. बोटं अशी कडक की कुठलीही तार चालली असती. मग खांदा बघितला. मोठी गिटार चालणार नव्हती. मधलीही नाही.

तरी मी मोठी दाखवली. आजीचा हात वर जाईना.

मग मधली. आजीने दात आवळून हात नेला, कळ आली, परत खाली घेतला.

"ह्याच्यापरीस लहान नाय काय?"

मी भिंतीकडे बघत राहिले. मग आणखी एक मधलीच काढली. रंग वेगळा होता, एवढंच. शेठ कपात बघत होते.

आजी उठायला लागली. "ऱ्हाऊ दे. म्हातारीचं खूळ."

तेवढ्यात काउंटरखालून आवाज आला. स्पष्ट. अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असा.

"आजी, पेट्यांच्या मागे छोटी आहे. तुमचा खांदा दुखणार नाही."

शेठचा कप तोंडाशीच राहिला. माझ्या हातात ती मधली गिटार. आर्या बाहेर आली, पेट्यांच्या मागे गेली, छोटी काढली आणि दोन्ही हातांनी आजीच्या मांडीवर ठेवली.

आजीचा हात बरोबर तारांवर पडला. तिने आर्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. मग मला. मग पुन्हा आर्याला.

"काय गो बाय," आजी म्हणाली, "तुझी आई मुकी हाय काय?"

*

तर डहाणू-तलासरीच्या लोकांनो, एवढं चार जणांच्या कानावर घाला. कोणाच्या माळ्यावर, कपाटावर पाऊण आकाराची, नायलॉनच्या तारांची गिटार नुसती पडून असेल, तर स्टेशनजवळच्या वाद्यांच्या दुकानात निरोप द्या. तार तुटलेली असली तरी चालेल, तंगूस मिळतो. पोचा असला तरी चालेल.

असलाच तर बरं.